रिकामे मैदान आणि दहा तासांची झोप

आमच्या गावाबाहेर एक मोठे दुकान आहे. किराणा, कपडे, टायर, औषधे असे सगळे तिथे एकाच छपराखाली मिळते आणि समोर साधारण सातशे गाड्या मावतील एवढे पार्किंगचे मैदान आहे. रात्री अकराला दुकान बंद झाले की सकाळी सहापर्यंत तिथे रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांच्या दहा-पंधरा गाड्या सोडल्या तर काहीही नसते, आणि तरीही खांबांवरचे दिवे रात्रभर जळत राहतात. मैदानाच्या प्रत्येक तोंडाशी फलक आहे : रात्रीच्या मुक्कामास मनाई, ट्रक व ट्रेलरना मनाई, वाहन मालकाच्या खर्चाने उचलून नेले जाईल. त्या फलकापासून दीड मैलावर इंटरस्टेट ७८ या राज्याराज्यांना जोडणाऱ्या महामार्गावर चढणारा जोडरस्ता, म्हणजे रॅम्प, आहे, आणि त्या रॅम्पच्या कडेला, पांढऱ्या रेषेच्या जेमतेम बाहेर राहतील अशा बेताने, रोज रात्री आठ-दहा अजस्र ट्रक एकामागे एक उभे असतात. त्यांच्या केबिनमध्ये माणसे झोपलेली असतात आणि त्यांच्या डोक्यापासून चार-पाच हातांवरून ताशी साठ-सत्तर मैलांच्या वेगाने वाहने जात असतात.

मी पेनसिल्व्हेनियातील लीहाय व्हॅलीत एका गोदामाच्या आवक विभागात काम करतो. कोणता ट्रक कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या डॉकला (माल उतरवण्याच्या धक्क्याला) लागायचा याचे वेळापत्रक लावणे हे माझे काम. एकेकाळी या खोऱ्याची ओळख बेथलेहेम स्टील ही होती. आज त्या पोलाद कारखान्याच्या जमिनीवरही गोदामे उभी आहेत आणि न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाच्या घराघरांत पोहोचणारा कितीतरी माल इथून जातो. ट्रक हाच आमचा धंदा आहे, आणि नेमक्या आमच्याच गावांनी ट्रकच्या मुक्कामाविरुद्ध सर्वांत कडक नियम केले आहेत. दुकानांची मैदाने रात्री ट्रक आणि आरव्ही (आत झोपण्या-राहण्याची सोय असलेली प्रवासी वाहने) यांना खुली करावीत, ती कुणा व्यवस्थापकाच्या मर्जीवर न सोडता नगरपालिकांनी नियम करून आणि खर्चाचा वाटा उचलून खुली करावीत, असे माझे मत आहे. या मताला विरोध करणाऱ्यांच्या काही तक्रारी खऱ्या आहेत हेही मला माहीत आहे, कारण त्यांतल्या बऱ्याच मी स्वतः पाहिल्या आहेत.

आधी घड्याळाचा विषय समजून घेतला पाहिजे, कारण अमेरिकेतील ट्रकचालकाचे सारे आयुष्य त्या घड्याळाला बांधलेले आहे. केंद्रीय नियमानुसार मालवाहू ट्रकचालकाला सलग दहा तास विश्रांती घेतल्यानंतरच पुढचा दिवस सुरू करता येतो. दिवस सुरू झाल्यापासून चौदा तासांच्या आत त्याला जास्तीत जास्त अकरा तास गाडी चालवता येते, आणि आठ तास चालवल्यावर अर्ध्या तासाचा खंड घ्यावा लागतो. पूर्वी ही नोंद कागदी वहीत होत असे आणि त्यात थोडेफार इकडेतिकडे करता येत असे. डिसेंबर २०१७ पासून बहुतेक ट्रकांमध्ये ही नोंद करणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र सक्तीचे झाले आणि ते मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवते. नियम योग्य आहे. ऐंशी हजार पौंड वजनाचे वाहन पेंगणाऱ्या माणसाच्या हाती नसावे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण ज्या शासनाने ‘दहा तास थांब’ अशी सक्ती केली, त्याच शासनव्यवस्थेच्या खालच्या पायरीवरची नगरपालिका ‘इथे दोन तासांपेक्षा जास्त थांबू नकोस’ असा फलक लावते, तेव्हा या दोन आज्ञांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाने काय करावे, याचे उत्तर दोघांपैकी कुणीच देत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली एक रात्र माझ्या मनातून जात नाही. त्या दिवशी आमचे तीन डॉक बंद पडले होते आणि दुपारी चारची वेळ घेऊन आलेला एक ट्रक रात्री साडेनऊला रिकामा झाला. चालक साठीच्या घरातले पंजाबी गृहस्थ होते. त्यांचा दिवस पहाटे सहाला सुरू झाला होता, म्हणजे रात्री आठलाच त्यांचे चौदा तास भरले होते. डॉकवर नुसते वाट पाहत बसलेले तासही त्या चौदात मोजले जातात; उशीर आमचा होता आणि घड्याळ त्यांचे संपले होते. विम्याच्या अटींमुळे आमच्या आवारात रात्री कुणालाही थांबू देत नाहीत. सही घेताना त्यांनी मला हिंदीत विचारले, “भाईसाहब, मेरा टाइम खतम है. दस घंटे कहाँ बैठूँ?” माल उतरवल्यानंतर जवळच्या सुरक्षित जागेपर्यंत जाण्याची मुभा नियमात आहे, पण ती सुरक्षित जागा कुठे आहे हे मला सांगता येईना. महामार्गावरचे ट्रक स्टॉप आमच्या भागात संध्याकाळीच भरतात आणि राखून ठेवलेल्या जागांचे वेगळे पैसे पडतात. मी दोन ठिकाणी फोन केले, दोन्ही भरलेली होती. पाळी संपवून घरी निघालो तेव्हा त्यांचा ट्रक त्या रॅम्पच्या कडेला दिसला. काचेमागे आतून पडदा ओढलेला होता आणि मागच्या दिव्यांवर बर्फाचा पातळ थर धरला होता. दीड मैलावर ते सातशे गाड्यांचे मैदान रिकामे होते. त्या दुकानात जाणारा माल आमच्या गोदामातून जातो, हे इथे सांगितलेच पाहिजे.

ही एका खोऱ्याची अडचण नाही. केंद्रीय महामार्ग प्रशासनाने २०१९ मध्ये केलेल्या पाहणीत ९८ टक्के चालकांनी सुरक्षित जागा शोधताना अडचण येते असे सांगितले. त्याच पाहणीनुसार साऱ्या देशात ट्रकसाठी सुमारे ३ लाख १३ हजार जागा होत्या. त्यांतल्या फक्त ४० हजार सरकारी विश्रामस्थानांवर आणि उरलेल्या सगळ्या खासगी ट्रक स्टॉपवर. सरकारी जागा इतक्या कमी असण्याला कारण आहे. आधीपासूनचे टोल-रस्ते वगळले तर इंटरस्टेटवरील विश्रामस्थानांत पंप किंवा खाद्यगृह चालवायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे, त्यामुळे राज्यांच्या दृष्टीने ती केवळ खर्चाची बाब ठरते आणि पैसा आटला की पहिली कुऱ्हाड तिथेच पडते. व्हर्जिनियाने २००९ मध्ये अशी १९ विश्रामस्थाने एकदम बंद केली होती. ती पुढच्या वर्षी पुन्हा उघडावी लागली. जागा मिळणार नाही या धास्तीने चालक वेळ शिल्लक असतानाच थांबतात. ट्रक वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्या एका संशोधन संस्थेने २०१६ मध्ये चालकांच्या रोजनिशीवरून हिशेब मांडला, तेव्हा असे वाया जाणारे चालवण्याचे तास दिवसाला सरासरी ५६ मिनिटे भरले. अमेरिकेत बहुतेक चालकांना मैलावर पैसे मिळतात, म्हणजे ही ५६ मिनिटे थेट त्यांच्या खिशातून जातात.

कधीकधी जीवही जातो. ५ मार्च २००९ रोजी जेसन रिव्हनबर्ग नावाचा न्यूयॉर्क राज्यातला ३५ वर्षांचा चालक दुधाचा माल घेऊन दक्षिण कॅरोलिनात पोहोचला. तो वेळेच्या आधी आला होता आणि जिथे माल द्यायचा तिथे आत घेत नव्हते, म्हणून त्याने जवळच्या बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर ट्रक लावला आणि तिथे त्याला गोळ्या घालून लुटण्यात आले. लुटीत सात डॉलर गेले. त्याची पत्नी होप तेव्हा गरोदर होती आणि पुढच्या काही दिवसांतच तिला जुळी मुले झाली. तिने आणि तिच्याबरोबर उभ्या राहिलेल्या चालकांनी पाठपुरावा केला, त्यातून २०१२ च्या महामार्ग कायद्यात ‘जेसन्स लॉ’ या नावाने ओळखले जाणारे कलम आले आणि ट्रकच्या मुक्कामाच्या जागा हा प्रथमच राष्ट्रीय वाहतूक धोरणाचा विषय ठरला. वर दिलेले पाहणीचे आकडे त्याच कलमामुळे उपलब्ध झाले. पण पाहणी झाली म्हणजे जागा झाल्या असे नाही. १२ जुलै २०२३ च्या पहाटे इलिनॉयमध्ये इंटरस्टेट ७० वर एक प्रवासी बस विश्रामस्थानाच्या रॅम्पवर उभ्या असलेल्या तीन ट्रकांवर आदळली आणि तीन प्रवासी दगावले. बसचालकाचा दोष होताच. पण ते ट्रक रॅम्पवर उभे राहतात ही गोष्ट देशातल्या प्रत्येक महामार्गावर रोज रात्री घडते आणि सगळ्यांना ठाऊक असते.

आता त्या रिकाम्या मैदानाकडे वळू. ते एवढे मोठे का आहे? दुकानाला एवढ्या जागेची हौस होती म्हणून नव्हे, तर बहुतांशी कायद्याने तसे करायला लावले म्हणून. विसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकेतल्या बहुतेक शहरांनी आपल्या बांधकाम नियमांत प्रत्येक प्रकारच्या इमारतीसाठी किमान पार्किंगचा आकडा घातला. दुकानांसाठी दर हजार चौरस फुटांना चार किंवा पाच गाड्या हा आकडा सर्रास आढळतो. सुमारे पावणेदोन लाख चौरस फुटांच्या मोठ्या दुकानाला या हिशेबाने सातशे गाड्यांची जागा लागते, मग तेवढे ग्राहक थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी आणि नाताळच्या आधीच्या आठवड्यात येवोत न येवोत. कॅलिफोर्निया विद्यापीठातले नगररचनेचे प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी या सक्तीचा खर्च शेवटी कोण भरतो यावर अनेक दशके काम केले, आणि त्यांच्या मांडणीचा परिणाम म्हणून २०१७ मध्ये बफेलो शहराने ही सक्ती काढून टाकली. पण जिथे मैदान आधीच घातले गेले आहे तिथे ते आहेच. सार्वजनिक नियमाने सक्ती करून घातलेल्या, वर्षातले बहुतेक दिवस अर्ध्याहून रिकाम्या आणि जवळपास प्रत्येक रात्री पूर्ण रिकाम्या असलेल्या जमिनीवर सार्वजनिक गरजेचा काहीच हक्क नाही, हे मला मान्य होत नाही. गावाने दुकानाला सांगितले, ‘एवढी जागा मोकळी ठेव.’ मग त्याच गावाने ‘ती जागा रात्री कुणाला देऊ नकोस’ असेही सांगितले. या दुसऱ्या वाक्याचे समर्थन मला अजून कुठल्याही सभेत नीट ऐकायला मिळालेले नाही.

मैदाने मुळातच बंद होती असेही नाही. वॉलमार्ट या मोठ्या दुकानांच्या साखळीचे धोरण आजही असे आहे की आरव्हीने प्रवास करणाऱ्यांना जमेल तिथे थांबू द्यावे. मात्र परवानगी प्रत्येक दुकानाचा व्यवस्थापक जागा आणि स्थानिक कायदे पाहून देतो. क्रॅकर बॅरल या खाद्यगृहांच्या साखळीच्या अनेक ठिकाणी आरव्हीसाठी आखलेल्या लांब जागा असतात. अशा मुक्कामांची एक रीतही वर्षानुवर्षांत तयार झाली आहे. आत जाऊन विचारायचे, मैदानाच्या दूरच्या कडेला लावायचे, खुर्च्या-छत बाहेर काढायचे नाही, डांबरावर जॅक टेकवायचे नाहीत, जनरेटर शक्यतो चालवायचा नाही, एका रात्रीहून अधिक राहायचे नाही आणि सकाळी काहीतरी विकत घेऊन निघायचे.

तीन वर्षांपूर्वी आम्ही डेन्व्हरहून आरव्ही भाड्याने घेऊन यलोस्टोनला गेलो होतो, तेव्हा एक रात्र वायोमिंगमध्ये इंटरस्टेट ८० वरच्या गावातल्या अशाच मैदानात काढली. कॅम्पग्राउंडचे आरक्षण पुढच्या दिवसाचे होते, वाऱ्यामुळे वेळ लागला होता आणि अंधार पडल्यावर ते उंच, हलके वाहन चालवायची माझी हिंमत नव्हती. माझी पत्नी आत जाऊन रात्रपाळीच्या व्यवस्थापिकेला विचारून आली. त्या बाईंनी बागकामाच्या विभागापलीकडचा कोपरा दाखवला आणि आठच्या आत निघा म्हणाल्या. सकाळी आम्ही दूध, अंडी, पावभाजीसाठी बटाटे आणि मुलांसाठी दोन स्वेटर घेतले. सगळे मिळून शंभर डॉलरच्या वर बिल झाले. शेजारी काही ट्रक होते. त्यांतल्या एका चालकाने मला हिवाळ्यात तिथे काय होते ते सांगितले, आणि नंतर मी वाचले तेव्हा ते तंतोतंत खरे निघाले. वायोमिंगमध्ये बर्फ आणि वाऱ्यामुळे इंटरस्टेट ८० वारंवार बंद होतो. त्या वेळी हवा चांगली असलेले टप्पेही बंद केले जातात, कारण पुढच्या गावात ट्रक उभे करायला जागा उरलेली नसते. म्हणजे गावातली मैदाने भरली की राज्य सरकार शेकडो मैलांचा महामार्ग अडवते. मुक्कामाची जागा हा रस्त्याचाच एक भाग आहे, हे इतक्या स्पष्टपणे मान्य करणारी दुसरी सरकारी कृती मी पाहिलेली नाही. हे वायोमिंगला वादळात कळते. आमच्या टाउनशिपला, म्हणजे आमच्या गावाच्या स्थानिक प्रशासनाला, ते साध्या मंगळवारी रात्री कळावे एवढेच मागणे आहे.

आरव्हीच्या मुक्कामाला सर्वांत नेटाचा विरोध कॅम्पग्राउंडवाल्यांकडून होतो. त्यांचे म्हणणे असे की ते जमिनीचा कर भरतात, पाणी, वीज, मैला टाकण्याची सोय देतात, आणि शेजारचे दुकान फुकट जागा देऊन त्यांचे गिऱ्हाईक पळवते. अनेक गावांतले मनाईचे नियम त्यांच्याच आग्रहातून आलेले आहेत. वॉलमार्टचे पहिले दुकान आणि केओए ही कॅम्पग्राउंडची साखळी दोन्ही १९६२ मध्येच सुरू झाली, म्हणजे हा शेजार जुना आहे, आणि साठ वर्षे दोघेही टिकले आहेत. ज्याला नदीकाठी चार दिवस राहायचे आहे तो दुकानाच्या दिव्याखाली राहत नाही, आणि ज्याला रात्री अकराला पोहोचून पहाटे सहाला निघायचे आहे त्याला पोहण्याचा तलाव नको असतो. एका रात्रीची मर्यादा काटेकोर पाळली तर या आक्षेपात फारसे काही उरत नाही, असे माझे मत आहे. व्यापारी स्पर्धेचा प्रश्न पोलिसांच्या दंडाने सोडवू नये, हेही.

ट्रकांविषयीच्या तक्रारी मात्र जड आहेत आणि त्या नाकारण्यात अर्थ नाही. ग्राहकांच्या गाड्यांसाठी घातलेला डांबराचा थर पातळ असतो. मालाच्या डॉककडे जाणारा मागचा रस्ता तेवढा जाड थराचा करतात. पातळ थरावर रोज भरलेले ट्रेलर उभे राहू लागले की वळणावर डांबर ओरबाडले जाते आणि उन्हाळ्यात ट्रेलरच्या टेकणीचे पाय त्यात रुततात. आमच्या आवारातही असे चौकोनी खड्डे आहेत आणि त्यांत साचलेले पाणी गोठले की पुढचा हिवाळा ते आणखी फोडतो. शीतपेटीच्या ट्रेलरचे इंजिन रात्रभर मधूनमधून सुरू होते, आणि मैदानामागे घरे असतील तर तो आवाज झोप मोडणारा असतो. काही चालक लघवीच्या बाटल्या आणि कचरा झुडपात फेकून जातात. सकाळी ते उचलणारा मुलगा किमान वेतनावर काम करणारा असतो आणि त्याचा राग योग्य आहे. शिवाय त्रेपन्न फुटी ट्रेलर वळवताना कुणाची गाडी घासली किंवा अंधारात कुणी पडले तर दावा दुकानावर येतो.

पण या प्रत्येक तक्रारीकडे नीट पाहिले तर ती मुक्कामाविरुद्धची नसून सोय नसल्याविरुद्धची आहे. मैदानाची एक कड, घरांपासून दूरची, जाड थराने मजबूत करता येते. शीतपेटीच्या ट्रेलरना घरांजवळच्या मैदानात मनाई करून बाकीच्यांना परवानगी देता येते. कचऱ्याची मोठी पेटी आणि दोन फिरती स्वच्छतागृहे ठेवली तर बाटल्यांचा प्रश्न बराचसा मिटतो, कारण रात्री अकरानंतर सगळीकडे कुलूप असलेल्या गावात माणसाने कुठे जावे याचे दुसरे उत्तर आज नाही. प्रश्न उरतो तो खर्चाचा, आणि इथे मला दुकानांची बाजू घ्यावीशी वाटते. हा खर्च आणि दाव्यांची जोखीम एकट्या दुकानावर टाकली तर कोणताही समंजस व्यवस्थापक फलकच लावील. तो भार नगरपालिका, राज्य आणि माल मागवणारे यांच्यात वाटला पाहिजे. सरकारला नव्या जागा बांधायला काय पडते ते पाहिले म्हणजे हा वाटा किती स्वस्त आहे हे कळते. फ्लोरिडात इंटरस्टेट ४ लगत सुमारे ९०० ट्रकांच्या जागांसाठी केंद्राने २०२४ मध्ये १८ कोटी डॉलर दिले, म्हणजे एका ट्रकमागे जवळजवळ दोन लाख डॉलर. त्या जागा हव्यातच. पण डांबर, दिवे आणि रस्त्याची जोडणी आधीच असलेल्या मैदानाच्या एका कडेला पंधरा ट्रकांची सोय करायला याच्या कितीतरी कमी पैसे लागतील, हे सांगायला अभियंता असण्याची गरज नाही. ट्रकच्या जागांसाठी ७५.५ कोटी डॉलरची तरतूद सुचवणारे विधेयक २०२० पासून काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, पुन्हा पुन्हा मांडले गेले. त्या पैशाची वाट पाहत गावांनी स्वस्थ बसू नये.

या मनाईमागे एक तिसरा माणूस आहे, ज्याचा उल्लेख सभांमध्ये सहसा दबक्या आवाजात होतो. तो म्हणजे ज्याला घर उरलेले नाही आणि जो गाडीतच राहतो. जानेवारी २०२४ च्या सरकारी गणनेत देशभरात ७ लाख ७१ हजारांहून अधिक लोक बेघर आढळले, आणि त्यांतले अनेक जण जुन्या गाड्यांत आणि मोडक्या आरव्हींत रात्र काढतात. ऑरेगनमधील ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ जून २०२४ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला की सार्वजनिक जागेत मुक्काम करण्यावर शहरे बंदी घालू शकतात. उद्यानांतून आणि रस्त्यांवरून उठवलेल्या माणसांचा भार साहजिकच दुकानांच्या मैदानांवर येतो. खरे सांगायचे तर बहुतेक गावांचे मनाईचे नियम या तिसऱ्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असतात; त्यांचा फटका बसतो पहिल्याला, म्हणजे घड्याळ संपलेल्या चालकाला. सुट्टीवरचे कुटुंब पुढच्या गावी निघून जाते, बेघर माणूस मागच्या गल्लीत सरकतो, आणि ट्रकचालकाला मात्र ना पुढे जाता येते ना गल्लीत शिरता येते. काही शहरांत झोपलेला चालक सकाळी उठतो तो चाकाला खासगी कंपनीने लावलेला जॅमर पाहून, आणि तो काढून घेण्यासाठी लागणारे पैसे त्याच्या एका दिवसाच्या कमाईहून जास्त असू शकतात.

बेघरांचा प्रश्न दुकानाने सोडवावा असे मी म्हणत नाही. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा येथे २००४ पासून एक स्वयंसेवी संस्था चर्च आणि कार्यालयांची लहान मैदाने रात्रीपुरती घेऊन गाडीत राहणाऱ्यांना ठरावीक जागा देते. संध्याकाळी यायचे, सकाळी निघायचे, आणि दरम्यान त्यांना कायमचे घर मिळावे म्हणून संस्थेची माणसे मदत करतात. त्या माणसांना दहा तासांची जागा नको आहे, घराकडे जाणारी वाट हवी आहे, आणि ती वाट देणे हे वेगळे काम आहे. पण एकाची भीती वाटते म्हणून तिघांनाही एकाच फलकाने हाकलणे हा प्रशासनाचा आळस आहे.

म्हणून गावाच्या नियमात मला काय हवे ते सांगतो. ट्रकसाठी मर्यादा दहा तासांची असावी, कारण आकडा केंद्राने आधीच ठरवलेला आहे. त्याहून कमी मर्यादा लिहिणे म्हणजे चालकाला एक तर झोपेतून उठवून गाडी चालवायला लावणे, नाही तर रॅम्पवर पाठवणे. फोनवरून नोंदणी व्हावी, वाहनाचा क्रमांक आणि आल्याची वेळ त्यात यावी, म्हणजे एक रात्र आणि चार रात्री यांतला फरक कुणालाही कळेल. आरव्हीकडून आणि ट्रककडून थोडे शुल्क घ्यायला माझी हरकत नाही. ज्या चालकांशी मी बोलतो त्यांचीही नाही, ते ट्रक स्टॉपवर आजही पैसे भरतातच. जे दुकान जागा देईल त्याला किमान पार्किंगच्या आकड्यात सूट मिळावी आणि मुक्कामाच्या भागापुरत्या दाव्यांच्या विम्याचा हप्ता गावाने भरावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्याने माल मागवला त्याने चालकाला आवाराबाहेर काढू नये. वेळ घेऊन आलेला ट्रक लवकर आला किंवा आमच्या उशिराने त्याचे घड्याळ संपले, तर त्याचे दहा तास आमच्याच आवारात झाले पाहिजेत. जेसन रिव्हनबर्ग ज्या रात्री मारला गेला त्या रात्री त्याला आत घेतले असते तर कोणत्याही कायद्याची गरज पडली नसती. हे मी माझ्या कामाच्या ठिकाणीही लेखी मांडले आहे. विम्याचे कारण अजून पुढे केले जाते.

आमच्या टाउनशिपच्या नियोजन मंडळापुढे पुढच्या महिन्यात आणखी एका गोदामाचा प्रस्ताव आहे. नकाशा पाहायला ठेवला आहे आणि तो मी दोनदा पाहून आलो. त्यात ८४ डॉक आहेत, कर्मचाऱ्यांच्या २६० गाड्यांची जागा आहे, कडेने लावायच्या झाडांच्या जातीसुद्धा लिहिलेल्या आहेत. ८४ डॉकना लागणारे ट्रक रात्री कुठे थांबतील याबद्दल नकाशात काहीही नाही. नागरिकांना बोलायला तीन मिनिटे मिळतात. पहिल्या मिनिटात मी त्या रॅम्पवर रात्री मोजलेल्या ट्रकांची संख्या सांगणार आहे, आणि उरलेल्या दोन मिनिटांत परवानगीच्या अटींमध्ये ट्रकच्या मुक्कामाच्या किमान वीस जागा घालण्याची आणि दुकानासमोरच्या फलकावरचा नियम त्याच बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घेण्याची मागणी करणार आहे.